दुसऱ्याची कवळी

वैजनाथरावांचं आडनाव दातीर आणि तोंडात दात एकही नाही. ही थट्टा देवानं केली की खर्ऱ्यानं, यावर दोन मतं असू शकतात. पण ती पहिल्यांदा बोलून दाखवली श्यामराव भिड्यांनी. वडगाव शेरीच्या त्या नव्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर ओळख झाली, नाव सांगितलं गेलं, आणि भिडे शांतपणे म्हणाले, "दातीर का? वा. नावात तरी राहिलेत म्हणायचे."

बाकावरचे सगळे हसले. वैजनाथरावही हसले, तोंडापुढं हात धरून. पण त्या संध्याकाळी त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर ओव्याचा अर्क चालला नाही की काही नाही.

आता हे वैजनाथराव मूळचे तिकडचे, अंजनगाव-सुर्जीच्या बाजूचे. विड्याच्या पानांचा मुलूख तो. घराघराच्या मागं पानमळा, आणि दारात पानं मोजून बांधणाऱ्या बाया. वैजनाथराव मात्र मळ्यात रमले नाहीत, एसटीत कंडक्टर झाले. टपावर पानांचे करंडे, आत माणसं, आणि मधल्या पट्टीत हातात तिकिटांची पेटी घेऊन गोष्ट सांगणारा कंडक्टर, अशी ती गाडी चालायची. दर्यापूर आलं तरी उतारू उतरायचे नाहीत. गोष्ट पुरी होऊ द्या म्हणायचे. ड्रायव्हरसुद्धा इंजिन बंद करून मान वळवून बसायचा. अशी ज्या माणसाची मिजास, तो म्हातारपणी पुण्यात आला आणि बाकाच्या कडेला बसायला लागला.

मुलगा अभिनव कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. त्या वेळी निम्मा विदर्भ बॅगा घेऊन पुण्यात उतरत होता. कालपर्यंत जिथं ज्वारी डोलायची तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि अभिनवला न्यायला कंपनीची गाडी दारात यायची. सून भाग्यश्री बँकेत. नात प्रियदर्शनी दुसरीत. नातीला सांभाळायला म्हणून वैजनाथराव आणि विमलाबाई आले ते कायमचेच राहिले.

येताना तोंडात थोडे हलते दात होते. तिकडं खर्रा, म्हणजे आपल्याकडचा मावा, जन्मभर गालात धरला त्याची ती शिल्लक. येरवड्याला एका मंडळानं दातांचं शिबिर घेतलं, तपासणी फुकट, काढणंही फुकट. वैजनाथराव हौसेनं गेले आणि मोकळे होऊन आले. काढून देणारे पुष्कळ होते, बसवून देणारं कुणी नव्हतं. परत विचारायला गेले तर मांडव उठलेला.

दात गेले याचं तसं दुःख नव्हतं. भाकरी दुधात कुस्करता येते. गेली ती गोष्ट. तोंडातला 'स' गेला आणि त्याच्या जागी 'फ' आला. सकाळ म्हणायला जावं तर फकाळ, साखर म्हणावं तर फाखर. आणि वैजनाथरावांची जी हुकमाची गोष्ट होती, जिच्यावर दर्यापूरचे उतारू अडून बसायचे, ती सगळी त्या एका अक्षरावर उभी.

गोष्ट अशी. त्यांच्या गावच्या शाळेत कोंडीराम मास्तर होते. मास्तरांचे पुढचे दात पडलेले. एकदा तपासणीला साहेब आले. साहेब वर्गात आले की मास्तरांनी हुकूम द्यायचा, "पाट्या सोडा, हात जोडा", आणि पोरांनी हातातल्या पाट्या सोडून नमस्कार करायचा, असं ठरलेलं. साहेब उंबऱ्यात आले. मास्तर छाती काढून ओरडले, "पाट्या फोडा, हात जोडा." पोरं आज्ञाधारक. सगळ्या वर्गानं दणादण पाट्या आपटल्या, आणि दगडी पाटीच्या चुऱ्यात उभं राहून साहेबांना हात जोडले. साहेब म्हणाले, हे काय? मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले, "फाहेब, मी फोडा म्हटलं. फोडा नाही म्हटलं."

इथं हसायचं असतं. पण दात नसलेल्या वैजनाथरावांनी ती बाकावर सांगितली तेव्हा मास्तरही फोडा म्हणाले, पोरंही फोडा म्हणाली, साहेबांनीही फोडा ऐकलं. सांगून झाल्यावर सगळे वाट बघत बसले. शेवटी एकानं विचारलं, मग चुकलं कुणाचं? आणि भिडे म्हणाले, "कंत्राटदाराचं. पाट्या कच्च्या होत्या." त्यावर बाक हसला. स्वतःच्या गोष्टीवर दुसऱ्यानं हशा घेतलेला पाहणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं.

हे भिडे कसबा पेठेतले. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच गेल्या. मुलगा सलिल अमेरिकेत, त्यानं हा फ्लॅट घेऊन दिला म्हणून इकडं आले. वय वैजनाथरावांइतकंच, पण दात बघावेत तर कणसावरचे दाणे. शेंगदाणे खात बोलायचे. राजाचा आवाज वेगळा, वाघाचा वेगळा, सावकाराचा नाकातून. संध्याकाळी सोसायटीतली मुलं खेळ टाकून त्यांच्याभोवती गोळा व्हायची, आणि त्यांत सगळ्यांत पुढं, गुडघ्याला टेकून, प्रियदर्शनी.

वैजनाथराव ते बाकाच्या टोकावरून बघायचे. स्वतःची नात दुसऱ्याच्या गोष्टीला हसते, तीही गाल फुगवून, आपल्याकडं हसायची तशीच. घरी आल्यावर ते विमलाबाईंना म्हणायचे, काय फांगतो तो भिडे, फगळं पाठ केलेलं. विमलाबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "पाठ केलेलं असू द्या ना वो. समजते तर सही."

मग शाळेची चिठ्ठी आली. आजी-आजोबा दिवस. प्रत्येक वर्गात एका मुलाचे आजोबा येऊन गोष्ट सांगणार, आणि दुसरीच्या वर्गात बाईंनी प्रियदर्शनीला विचारलं होतं. वैजनाथरावांनी त्याच दिवशी पेटीतला पांढरा सदरा काढून उन्हात टाकला. रात्री जेवताना भाग्यश्रीनं सहज विचारलं, नाव दिलंस का आजोबांचं? प्रियदर्शनी ताटातल्या वरणात बोट फिरवत म्हणाली, "दिलं. श्याम आजोबांचं."

ती पोर खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. तिनं आजोबांकडं बघून समजावलं, "आजोबा, तुमची स्टोरी छान असते. पण फ्रेंड्सना कळत नाही ना. मलाच ट्रान्सलेट करावं लागतं."

वैजनाथरावांनी सदरा परत पेटीत ठेवला. आणि दात करायचे ठरवले.

अभिनव म्हणाला, बाबा, कोपऱ्यावरच मोठं क्लिनिक आहे, माझ्या कार्डावर होऊन जाईल. वैजनाथराव ऐकेनात. कारण भिड्यांनी एकदा बाकावर सांगितलं होतं की सलिलच्या डॉलरला आपण अजून हात लावला नाही. मग दातीरांनी लावावा? त्यांनी नुसतं बघून यायचं म्हणून कोपऱ्यावरचं ते काचेचं क्लिनिक गाठलं. आत इतकं गार की दात असते तर वाजले असते. मुलीनं हिंदीत विचारलं, अपॉइंटमेंट है? मग त्यांच्या जबड्याचं चित्र टीव्हीवर दाखवलं आणि हाडात स्क्रू घालून दात कसे पक्के बसतील ते समजावलं. खर्चाचा कागद पाहून वैजनाथरावांनी एवढंच विचारलं की यात बैलजोडीही मिळते का. तिथून ते डेंटल कॉलेज शोधत गेले. तिथली रांग पाहून वाटलं, आपला नंबर लागेपर्यंत प्रियदर्शनी कॉलेजात जाईल. आणखी एक डॉक्टर सापडले, ते फक्त मुलांचे दात बघायचे. त्यांनी प्रेमानं फुगा देऊन परत पाठवलं.

भिड्यांना विचारलं असतं तर? जुना पुणेकर माणूस, त्याला गल्लीन्‌गल्ली ठाऊक. विमलाबाईंनी सुचवूनही पाहिलं. वैजनाथराव म्हणाले की गोष्ट नेली, नात नेली, आता डॉक्टरही त्याच्याच हातून घेऊ का?

आणि मग एका दुपारी जिन्यात त्यांना घबाड सापडलं.

खालच्या मजल्यावर भिड्यांच्या सुनीतीबाई तळमजल्यावरच्या यमुनाबाईंशी बोलत होत्या. वैजनाथराव वरच्या वळणावर चपलेचा अंगठा नीट करण्याच्या निमित्तानं थांबले. सुनीतीबाई सांगत होत्या, "अहो, यांचंही तोंड असंच बसलं होतं. काही चावायला नको. मग मंडईवरून पुढं कसब्यात गेलो, कवळी घेतली, आणि तेव्हापासून बघा. चकली काय, दाणे काय. खर्चही फारसा नाही हो."

कवळी! वैजनाथरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पानांच्या मुलखातला माणूस तो. कवळी म्हणजे विड्याच्या पानांचा बांधलेला जुडगा, हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. टपावर जन्मभर वाहिल्या त्यानं कवळ्या. म्हणजे हे गुपित होतं तर. हा भिडे पानं खाऊन हिरड्या पक्क्या करून बसला आहे, आणि पानं कुठली, तर पुण्याची. आमच्या दारात पानांचे मळे असून आम्ही खर्रा चघळत बसलो.

ते दुसऱ्या दिवशी मंडईला गेले. पानवाल्याला विचारलं, दातांना चालते ती कवळी कोणती? पानवाल्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, पानं आहेत माझ्याकडं, चावायला माणूस देत नाही." तरीही वैजनाथराव एक मोठी कवळी बगलेत मारून घरी आले. मंडईतली म्हणजे तीच असणार, कसब्यातली वेगळी कशाला असेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

चावणार कसं हा प्रश्न होताच. त्यांनी खलबत्ता काढला. रोज सकाळी दार लोटून पानं कुटायची, चुना लावायचा आणि तो हिरवा गोळा हिरड्यांवर थापून बसायचं. तोंड भाजलं, जीभ सोलली, ओठ तोरणासारखे हिरवे झाले. मध्येच आरशापुढं जाऊन ते बोटानं चाचपून बघायचे, काही टोचतंय का. नवीन दात फुटताना तान्ह्या मुलाला होतं तसं हिरड्यांना शिवशिवतंय असंही त्यांना एकदा वाटलं.

विमलाबाईंनी शेवटी दार उघडलंच. खलबत्ता बघितला, नवऱ्याचे ओठ बघितले. वैजनाथरावांनी आवाज खाली आणून गुपित सांगितलं, भिड्यानं कवळी आणून तोंड दुरुस्त केलं, म्हणून आपणही कवळी आणली.

विमलाबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं तेव्हा त्यांना बोलता आलं. "अवो, इथं कवळी म्हंजे बत्तीशी. नकली दात. सुनीतीबाई रोज रात्री वाटीत धुऊन ठेवतात त्यांची."

वैजनाथरावांच्या तोंडात तो हिरवा गोळा तसाच राहिला. मग हळूहळू त्यांचा चेहरा असा फुलला की विमलाबाईंना हसणं थांबवावं लागलं.

"नकली हायेत?" त्यांनी विचारलं. "फगळे?"

"सगळे."

त्या दिवशी वैजनाथराव पोटभर जेवले. कणसाचे दाणे म्हणे. वाटीत ठेवतो म्हणे. बिचाऱ्या त्या मुलांना काय ठाऊक की तो वाघ ज्या दातांनी डरकाळी फोडतो ते रात्री पाण्यात असतात. खरं तर एवढ्यावर समाधान मानून ते डॉक्टर शोधायला निघाले असते, पण मत्सराला एवढ्यात झोप लागत नाही. उरलेली पानं समोर होती. त्यांनी छान विडे बांधले, वर लवंग टोचली, आणि एका विड्यात रोठा सुपारीचं अख्खं खांड घातलं. रोठा म्हणजे दगडच, अडकित्त्यालाही घाम फोडणारी.

संध्याकाळी बाकावर सगळ्यांना विडे वाटले. भिड्यांपुढं तबक धरताना ते मुद्दाम मुलांना ऐकू जाईल असं म्हणाले की आम्हा बोळक्यांना काय उपयोग, तुमच्यासारख्यानं खावा. मुलं बघत होती. प्रियदर्शनी गुडघ्याला टेकून होती. भिड्यांनी क्षणभर विड्याकडं पाहिलं, वैजनाथरावांकडं पाहिलं आणि विडा तोंडात घातला.

कट्‌ असा आवाज झाला. मुलांना वाटलं सुपारी फुटली. भिड्यांनी रुमाल तोंडाला लावला, उठले आणि जिन्याकडं गेले.

ते दुसऱ्या दिवशी बाकावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मुलं घुटमळून खेळायला गेली. बाकाची मधली जागा रिकामी होती आणि वैजनाथरावांनी तिथं बसूनही पाहिलं, पण ती जागा नुसती बाकाची मधली जागा होती. घरी प्रियदर्शनी रडकुंडीला आली. श्याम आजोबा दार उघडत नाहीत, सुनीती आजी म्हणतात त्यांना बरं नाही, आणि शाळेचा दिवस तर महिन्यावर आला. ती आजोबांजवळ बसून म्हणाली, "आता तुम्हीच या. मी आधी सगळ्यांना सांगून ठेवते की फ म्हणजे स."

हे ऐकून मात्र वैजनाथराव उठले.

भिड्यांचं दार सुनीतीबाईंनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं कळल्याचं दिसत होतं. आत श्यामराव खिडकीशी बसलेले. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, राजा, वाघ आणि सावकार तिघेही कुठंतरी निघून गेलेले. भिंतीवर सलिल, सून ऋचा आणि त्यांच्या मुलाचा बर्फातला फोटो होता.

श्यामराव म्हणाले, "बफा."

वैजनाथराव दचकले. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. ते बसले.

"फुपारी रोठा होती," श्यामराव म्हणाले.

"होय."

"मुद्दाम घातली?"

"होय," वैजनाथराव म्हणाले. "फगळी पोरं तुमच्याकडं. माझी फुद्धा."

श्यामरावांनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुमची रोज रात्री तुमच्याजवळ झोपते. माझा नातू फोनवर गोष्ट ऐकतो आणि ओके म्हणतो." त्यांनी पुढं जोडलं, "तुमच्या जागी मी अफतो, तर मीही रोठाच घातली अफती."

आता वैजनाथरावांनी ज्यासाठी आले होते ते विचारलं, तुमचे दात करणारा डॉक्टर कोण? असं विचारायला जीभ रेटत नव्हती, पण रेटली. स्वतः मोडलेल्या दातांच्या डॉक्टरचा पत्ता मालकालाच विचारणारा माणूस श्यामरावांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली.

"फकाळी नऊला," ते म्हणाले. "बफने जाऊ."

तर असे दोघे बोळके म्हातारे पीएमटीच्या बसमध्ये शेजारी बसून, येरवड्यावरून पूल ओलांडून, एकमेकांशी अवाक्षर न बोलता शहरात गेले. कंडक्टरनं विचारलं कुठं, तर दोघं एकदमच म्हणाले, "कफबा." कंडक्टर म्हणाला, असला स्टॉप नाही. शेवटी श्यामरावांनी खिशातल्या कागदावर लिहून दाखवलं.

पुढची वाट पायीच. गल्लीत तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज, त्यावरून एक लाकडी जिना, आणि वर डॉक्टर मंदाकिनीबाईंच्या दोन खोल्या. केस पांढरे, चष्मा दोरीला. भिंतीवर पाटी होती: 'कवळी स्वतःचीच घालावी. दुसऱ्याची बसत नाही.' वैजनाथरावांनी ती वाचली आणि मुकाट्यानं बाकावर टेकले.

मंदाकिनीबाईंनी श्यामरावांची मोडकी कवळी हातात घेऊन विचारलं, "काय चावलंत? पर्वती?" आता ही सांधण्यात अर्थ नाही, जुनी झाली, नवीच करू, म्हणाल्या. मग वैजनाथरावांच्या हिरड्या पाहिल्या. "या हिरव्या का?" वैजनाथरावांनी खाली पाहिलं. श्यामरावांनीच सांगितलं, कारण सुनीतीबाईंना विमलाबाईंकडून सगळं कळलं होतं. मंदाकिनीबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चुना बंद करा. हिरड्या निवल्या की माप घेऊ." वैजनाथरावांनी चाचरत खर्चाचं विचारलं. त्या म्हणाल्या की स्क्रू-बिक्रू आपण घालत नाही, पेन्शनीत बसेल अशी साधी कवळी करतो, आणि जमेल तसे द्या. नाही दिलेत तरी काढून घेणार नाही, त्या दातांचं मी काय करू?

पुढं फेऱ्या झाल्या. हिरड्यांचा साचा घेतला, मेण चावायला दिलं, मेणातच दात लावून बघितले. दर फेरीला दोघं बरोबर जायचे, कारण दोघांचं काम बरोबरच चाललं होतं. आणि दर फेरीला वैजनाथरावांचा डोळा श्यामरावांच्या मेणावर. यांचे दात जरा जास्त पांढरे निवडलेत की काय, असं त्यांनी बाईंना विचारलंही. बाई म्हणाल्या, "एकाच डब्यातले आहेत. हवं तर डबा दाखवते."

तयार कवळ्या बसवायचा दिवस आला. श्यामरावांची आधी बसली. त्यांनी सवयीनं आवळून बघितली आणि तोंडात पुन्हा कणीस आलं. मग वैजनाथराव. बाईंनी कवळी बसवली, चावून बघा म्हणाल्या, कानशीसारखं काहीतरी फिरवलं, पुन्हा बसवली.

"आता बोला काहीतरी. 'स' येतो का बघू."

वैजनाथरावांनी जीभ फिरवली. तोंडात कुणीतरी पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "सोडा."

खाली तांबटाचे ठोके चालू होते. ते पुन्हा म्हणाले, "सोडा." मग डोळे मिटून, "सोडा. सोडा. पाट्या सोडा."

"अहो सोडल्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पुढं बोला."

मग ते पुढं बोलले. खुर्चीत आडवं पडूनच त्यांनी कोंडीराम मास्तर उभे केले, साहेब उंबऱ्यात आणले, पाट्या फोडल्या, हात जोडले, आणि "मी फोडा म्हटलं, फोडा नाही म्हटलं" म्हणून थांबले. मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. जिन्यात वाट बघणारी एक बाई खुदकन हसली. वैजनाथरावांनी मान वळवून श्यामरावांकडं पाहिलं.

श्यामराव हसत नव्हते. ते वैजनाथरावांच्या तोंडाकडं बघत होते, ओठ घट्ट मिटून, मान किंचित वाकडी करून. हे असं बघणं वैजनाथरावांच्या चांगलं ओळखीचं होतं. बाकाच्या टोकावर बसून इतके दिवस त्यांनी दुसरं काय केलं होतं?

परतीच्या बसमध्ये येरवडा येईपर्यंत श्यामराव ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "ती पाट्यांची गोष्ट. शाळेत मी सांगितली तर? मला आवाज जमतात."

"भिडेसाहेब," वैजनाथराव म्हणाले, आणि त्यातला 'स' त्यांनी जरा लांबवलाच, "दुसऱ्याची बसत नाही. पाटी वाचली नाही का?"

घरी प्रियदर्शनी दप्तर पाठीवर घेऊनच ऐकत उभी राहिली. गोष्ट संपल्यावर तिनं डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे त्यांना सोडा म्हणायचं होतं?" इतके महिने जी भाषांतर करत होती, तिलाही मूळ आत्ताच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंकडं जाऊन नाव बदललं. पण श्याम आजोबांना वाईट वाटेल म्हणून त्यांनाही ऐकायला बोलावलं. पोर ती, दोघांत बाक वाटून द्यायचा, एवढंच तिला समजत होतं.

वर्गात खुर्ची एकच होती. तिच्यावर पांढरा सदरा घातलेले वैजनाथराव. मागच्या छोट्या बाकड्यावर, गुडघे छातीशी घेऊन, श्यामराव.

गोष्ट सुरू झाली, छान चालली, साहेब उंबऱ्यात आले. आणि वैजनाथराव अडले. मास्तरांच्या तोंडचा तो पोकळ, हवा सुटलेला 'फोडा' काही येईना. एव्हाना तोंडात रुळलेल्या दातांतून जो आला तो स्वच्छ, शिकलेला, पुणेरी 'फोडा'. मुलं मुकाट बघत होती. समोर प्रियदर्शनीनं खालचा ओठ चावला. मागं श्यामराव पुढं सरकले. त्यांचे ओठ हलत होते, तो आवाज जणू त्यांच्या जिभेवर तयार होता.

वैजनाथराव वळून फळ्याकडं गेले. वर्गाकडं पाठ करून त्यांनी काहीतरी केलं आणि वळले, तेव्हा तिथं ते नव्हतेच. गाल आत, हनुवटी नाकाला लागलेली, असा कुणी दुसराच म्हातारा हातात स्वतःचे दात घेऊन उभा होता.

"पाट्या फोडा, हात जोडा."

दुसरीचा वर्ग असा काही ओरडला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मग वैजनाथराव दात घालून साहेब झाले, काढून मास्तर झाले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. दर वेळी मुलं बाकडी वाजवत होती. बाईंनी ओढणी तोंडाला लावली. प्रियदर्शनी बाकड्यावर उभी राहून सगळ्यांना सांगत होती, हे माझे आजोबा, माझे स्वतःचे. आणि मागं श्यामराव बसले होते. ज्या माणसानं सख्ख्या व्याह्यांनाही कधी कळू दिलं नाही, वाटी झाकून ठेवली, तो माणूस दुसऱ्यानं ती उघडून वर्गभर मिरवताना बघत होता, आणि त्याचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीकडं जात होता.

वैजनाथराव त्या रात्री नातीशेजारी इतके गाढ झोपले की घोरण्यानं तीच उठून आईकडं गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर ते जरा उशिरा, आरामात गेले. मधली जागा आता आपलीच, या खात्रीनं. लांबूनच हशा ऐकू आला. मुलांचं कोंडाळं होतं, आणि मधोमध श्यामराव बसलेले. कुणीतरी त्यांना विचारलं होतं, श्याम आजोबा, तुमचे पण निघतात का? आणि जन्मभराची लाज त्यांनी एकदाची रुमालात बांधली होती. उजव्या हातात वरची कवळी, डाव्या हातात खालची, आणि टाळ वाजवावेत तशी ते दोन्ही वाजवत होते, कट्‌ कट्‌ कट्‌. मधूनच एक वाघासारखी मुलांच्या अंगावर धावत होती.

प्रियदर्शनी पुढं बसून गाल फुगवून हसत होती.

वैजनाथराव बाकाच्या टोकाशी उभे राहिले. हे आपल्याला काल का सुचलं नाही, असं म्हणत त्यांनी जिभेनं आपली खालची कवळी चाचपली. ती नवी होती आणि चांगली घट्ट बसलेली होती. त्यांच्या पोटात पुन्हा बारीकसं दुखायला लागलं.